साहेबाची एस्टी आणि एक टिंब

इंग्लंडात नव्याने आलेल्या मराठी माणसाने नकाशा उघडला की त्याला जिकडेतिकडे 'एस्टी' दिसायला लागते. रस्त्याच्या नावात एस्टी, ट्यूबच्या स्टेशनात एस्टी, शाळेच्या पाटीवर एस्टी, इस्पितळावरही एस्टी. आपल्याला एस्टी म्हटलं की लाल डबा आठवणार, त्याला इलाज नाही! पण साहेबाची ही एस्टी म्हणजे 'सेंट' या शब्दातलं पहिलं आणि शेवटचं अक्षर. इथल्या निम्म्या जुन्या नावांच्या मुळाशी कुठलं तरी चर्च असतं, आणि चर्चच्या नावात बहुतेक वेळा कुणीतरी संत असतोच.

आता तुम्ही म्हणाल, यात लेख लिहिण्यासारखं काय आहे? आहे. ही दोन अक्षरं कशी लिहायची, पुढे टिंब द्यायचं की नाही, नावाच्या शेवटी 'एस' लावायचा की नाही, यावर इथे माणसं वर्षानुवर्षं भांडत आली आहेत. सुरुवातीला मलाही हा रिकामपणाचा उद्योग वाटायचा. माझं पोटापाण्याचं काम जमिनीखालच्या पाण्याच्या नळांच्या नकाशांचं. जुन्या चर्चच्या आसपास खणायचं असेल तर ती इमारत संरक्षित यादीत आहे का, हे आधी बघावं लागतं. एकच चर्च तीन कागदांवर तीन नावांनी, आणि दोन वेगळी चर्चं एकाच नावाने, असं एकदा समोर आलं की हा प्रश्न रिकामपणाचा राहत नाही. चर्च ऑफ इंग्लंडकडेच सुमारे १६,००० चर्चच्या इमारती आहेत. त्यातल्या बहुसंख्य इमारती संरक्षित यादीत आहेत.

आधी टिंबाचं बघू. ब्रिटिश रिवाज असा की लघुरूपात शब्दाचं शेवटचं अक्षर शिल्लक असेल तर टिंब नको. शब्द मध्येच तोडला असेल तर टिंब हवं. 'सेंट'च्या लघुरूपात शेवटचा 'टी' शाबूत आहे, म्हणून टिंब नाही. 'मिस्टर' आणि 'डॉक्टर' यांनाही तोच न्याय. फाउलर नावाच्या गृहस्थाने १९२६ सालच्या आपल्या भाषाकोशात हा भेद आग्रहाने मांडला, आणि आज इथली बहुतेक वर्तमानपत्रं नि प्रकाशनं तोच पाळतात. अमेरिकेत मात्र टिंब देतात, आणि आपल्याकडच्या इंग्रजी पाट्यांवरही ते सर्रास दिसतं. याशिवाय व्हिक्टोरिया राणीच्या काळात उच्च-चर्च पंथाच्या मंडळींनी नुसता एक 'एस' लिहून पुढे टिंब द्यायची पद्धत रूढ केली होती. जुन्या कागदांत तीही भेटते. म्हणजे एका शब्दाचे चार अवतार झाले: पूर्ण 'सेंट', टिंबवाली एस्टी, बिनटिंबाची एस्टी आणि एकटा एस.

हसण्याआधी आपण आपल्याकडे बघू. लग्नपत्रिकेत देवाच्या नावाआधी 'श्री' लिहितो त्याला टिंब नाही, आणि यजमानांच्या नावाआधी 'श्री.' लिहितो त्याला टिंब आहे. का? तर यजमानांचं 'श्री.' हे 'श्रीयुत'चं तोडलेलं रूप, आणि देवाचा 'श्री' मुळातच पूर्ण. एका टिंबात देव आणि माणूस यांच्यातला फरक! तेव्हा टिंबाला अर्थ असतो हे मराठी माणसाला कुणी शिकवायला नको.

दुसरा प्रश्न नावाच्या शेपटीचा. संताच्या नावापुढे अपॉस्ट्रॉफी, म्हणजे तो वर लोंबणारा स्वल्पविराम, आणि 'एस' लावला की 'अमक्याचं' असा अर्थ होतो. लंडनमधल्या राजवाड्याशेजारच्या बागेचं नाव सेंट जेम्सेस पार्क. त्यात जेम्सपुढे अपॉस्ट्रॉफी आणि शिवाय आणखी एक 'एस'. न्यूकॅसलचं फुटबॉलचं मैदान मात्र सेंट जेम्स पार्क. तिथे नुसती अपॉस्ट्रॉफी, जादा 'एस' नाही. लंडनचं सेंट थॉमस हॉस्पिटल न्यूकॅसलच्या पंक्तीतलं. सेंट अल्बन्स आणि सेंट अँड्रूज या गावांच्या नावांत 'एस' आहे, पण अपॉस्ट्रॉफी नाही. केंब्रिजचं सेंट कॅथरिन्स कॉलेज आणि ऑक्सफर्डचं सेंट कॅथरिन्स कॉलेज यांचा उच्चार एकच, पण केंब्रिजवाले मध्ये 'ए' लिहितात आणि ऑक्सफर्डवाले 'ई'. लंडनमधली सेंट कॅथरिन क्री तर 'सी'ऐवजी 'के'ने सुरू होते. यात चूक कुणाचीच नाही. ज्याने त्याने आपल्या घराच्या पाटीवर आपल्याला हवं तसं लिहिलं आणि शतकानुशतकं ते तसंच राहिलं.

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत रंजक वाटतो, तो म्हणजे नावामागच्या शेपटाचा. लंडनच्या मूळ तटबंदीतल्या शहरात, ज्याला 'सिटी' म्हणतात आणि जे जेमतेम चौरस मैलभर आहे, तिथे १६६६ च्या आगीआधी शंभराहून अधिक चर्चं होती. आगीत त्यातली ८७ जळाली आणि क्रिस्टोफर रेनच्या कचेरीने सुमारे ५१ पुन्हा बांधली. एवढ्याशा जागेत इतकी चर्चं म्हटल्यावर एकट्या मेरीचीच अनेक. मग ओळखायची कशी? तर पुणेकर मारुती ओळखतात तशी! जिलब्या मारुती, डुल्या मारुती, पत्र्या मारुती, भिकारदास मारुती. इथे मेरी-ल-बो, मेरी ॲबचर्च, मेरी ऑल्डरमेरी, मेरी वुलनॉथ आणि टेकाडावरची मेरी-ॲट-हिल. या पाच आजही उभ्या आहेत. सेंट अँड्रूचे दोन नमुने बघा. एक 'बाय-द-वॉर्डरोब', म्हणजे राजाच्या कपड्यांच्या कोठीशेजारचा. दुसरा 'अंडरशाफ्ट', म्हणजे खांबाखालचा, कारण त्याच्यासमोर वसंतोत्सवात चर्चच्या मनोऱ्याहून उंच खांब उभारत. सेंट बोटॉल्फ 'विदाउट' ऑल्डगेट असं वाचून नव्या माणसाला वाटतं की इथे काहीतरी नाहीये. पण इथे 'विदाउट' म्हणजे 'बाहेर'. ऑल्डगेट वेशीबाहेरचा बोटॉल्फ, आपल्या वेशीबाहेरच्या मारुतीसारखा.

हे शेपूट कुणी 'जादा मजकूर' म्हणून कापलं की काय होतं ते उघड आहे. जिलब्या आणि डुल्या दोघंही नुसते मारुती होतात. आणि संताचं नाव अर्धवट तोडलं तर संतच बदलतो. जॉन दोन आहेत, बाप्तिस्मा देणारा योहान आणि शुभवर्तमान लिहिणारा योहान. पहिल्याचा सण २४ जूनला, ज्या दिवशी गोव्यात लोक सांजांव म्हणून विहिरींत उड्या मारतात. दुसऱ्याचा २७ डिसेंबरला. कुलाब्याचं अफगाण चर्च, ज्याचं कागदोपत्री नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, ते या दुसऱ्याचं. नुसतं 'सेंट जॉन' लिहिलं तर कुठला जॉन? मेरीचंही तेच. येशूची आई वेगळी आणि मेरी मॅग्डालीन वेगळी.

उलट्या बाजूनेही घोटाळा होतो. 'सेंट' दिसलं म्हणून प्रत्येक वेळी संत असतोच असं नाही. लंडनच्या सेंट सेपल्कर चर्चमधला सेपल्कर नावाचा संत कधी जन्मालाच आला नाही. मूळ नाव 'होली सेपल्कर', म्हणजे येशूची पवित्र कबर. बोलता बोलता 'होली'चं 'सेंट' झालं. मुंबईकरांनी हसू नये, कारण आपल्या सांताक्रूझमध्येही 'क्रूझ' नावाची कुणी साध्वी नाही. पोर्तुगीजमध्ये सांता क्रूझ म्हणजे पवित्र क्रूस.

तर मग उपाय काय? दोन टोकाचे पक्ष आहेत. एक म्हणतो, सगळ्यांना एकच नियम लावा: टिंबं काढा, अपॉस्ट्रॉफी काढा, शेपटं कापा, यंत्राला सोपं जाईल. दुसरा म्हणतो, जुनं ते सोनं, जे जसं सापडेल तसं लिहा.

पहिल्या पक्षाची इथे अधूनमधून सरशी होते. बर्मिंगहॅमच्या नगर परिषदेने २००९ साली रस्त्यांच्या पाट्यांवरून अपॉस्ट्रॉफी हद्दपार केली. केंब्रिजनेही तसं ठरवलं होतं, पण लोकांनी इतका गिल्ला केला की २०१४ साली त्यांना निर्णय फिरवावा लागला. काळ्या पेनाने पाट्यांवर रातोरात अपॉस्ट्रॉफी काढणारे बहाद्दर तेव्हा निघाले होते. २०२४ साली नॉर्थ यॉर्कशरच्या परिषदेने पुन्हा तोच सूर लावला आणि हॅरोगेट गावातल्या सेंट मेरीज वॉकची पाटी गाजली. कारण दिलं ते संगणकाचं: पत्त्यांच्या माहितीसाठी जे ब्रिटिश प्रमाणक आहे, त्यात अशी चिन्हं अडचणीची ठरतात म्हणे.

इथे मला इंजिनियर म्हणून तोंड उघडलंच पाहिजे. ही सबब लंगडी आहे. अपॉस्ट्रॉफीमुळे अडखळणारे प्रोग्रॅम होते हे खरं. माहितीकोशाच्या भाषेत तेच चिन्ह मजकूर कुठे संपला हे सांगायला वापरतात, त्यामुळे गाफील लिहिलेला प्रोग्रॅम तिथे कोसळतो. पण त्यावरचा इलाज कितीतरी वर्षांपूर्वी सापडलेला आहे, आणि तो कुठल्याही होतकरू प्रोग्रॅमरला पहिल्या महिन्यात शिकवतात. प्रोग्रॅम आळशी म्हणून गावाने नाव बदलायचं हा कुठला न्याय? आमच्या धंद्यातलं साधं तत्त्व असं असायला हवं: साठवताना काटेकोर, शोधताना सैल. चर्च स्वतःचं नाव जसं लिहितं तसंच्या तसं साठवा. शोधणाऱ्याने मात्र टिंब दिलं, नाही दिलं, 'सेंट' पूर्ण लिहिलं, 'कॅथरिन' कशीही लिहिली, तरी त्याला ते सापडलं पाहिजे. ही जबाबदारी यंत्राची, माणसाची नव्हे.

आणि यंत्राला आंधळेपणाने नियम लावू दिला तर तो कसा लावतो ते ऐका. इंग्रजीत 'स्ट्रीट'चं लघुरूपही तेच, एस्टी! लंडनमध्ये सेंट जॉन स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. त्याचं लघुरूप 'एस्टी जॉन एस्टी'. आता याचा विस्तार करा म्हटलं तर यंत्र एक तर 'स्ट्रीट जॉन स्ट्रीट' करणार किंवा 'सेंट जॉन सेंट'.

पण दुसरा पक्षही मला मान्य नाही. 'सापडेल तसं लिहा' म्हणणं ऐकायला उदार वाटतं, पण त्याची किंमत दुसरंच कुणीतरी मोजतं. इंग्लंडात जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली १८३७ च्या जुलैत. त्याआधीच्या तीनशे वर्षांचा आधार म्हणजे चर्चची दप्तरं, जी ठेवायचा हुकूम १५३८ साली निघाला. पणजोबांच्या पणजोबांचा शोध घेणाऱ्या माणसाजवळ चर्चच्या नावाखेरीज दुसरा धागाच नसतो.

आपल्याकडचाही याच्याशी संबंध आहे. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला कंपनी सरकारच्या काळापासून लंडनला येत, आणि आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. माझ्या शेजारी एक वयस्क बाई राहतात. त्यांचे पूर्वज पुण्याच्या छावणीत शिपाई होते, आणि १८२५ साली बिशप हीबरने ज्याचं पवित्रीकरण केलं त्या सेंट मेरीज चर्चमध्ये त्यांचं लग्न लागलं, असं घरी ऐकत आलेलं. बाईंनी एका ठिकाणच्या यादीत आजच्या पद्धतीने नाव टाकून शोधलं, काही मिळालं नाही. नोंद नाही, म्हणजे लग्नच लागलं नसेल, असा त्यांचा समज झाला, आणि त्या पिढीतल्या बायकांना 'लग्नच लागलं नसेल' याचं काय वाटतं हे मी तुम्हाला सांगायला नको. शेवटी नोंद सापडली. यादी करणाऱ्याने 'एस' आणि टिंब लिहिलं होतं, आणि पुण्याच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एक 'एच' जादा होता. एवढ्यासाठी एक म्हातारी बाई कित्येक महिने आपल्या खापरपणजीच्या अब्रूची काळजी करत बसली.

म्हणून माझं मत असं. सुसंगती पाहिजेच, पण ती कुठे पाहिजे हे नीट ठरवायला हवं. जे लिहिणाऱ्याचं आहे त्यात सुसंगती ठेवा. जे चर्चचं आहे त्याला हात लावू नका. 'सेंट'ला टिंब द्यायचं की नाही, संत आधी की गाव आधी, दोन संत असतील तर दोघांना वेगवेगळं 'सेंट' लावायचं की एकत्र, हे सगळं लिहिणाऱ्याचं. एकदा ठरवा आणि शेवटच्या पानापर्यंत पाळा. (दोघांना मिळून 'एसेस' लिहायची जुनी पद्धत आहे, हिटलरच्या टोळीनंतर ती दिसली की अंगावर काटा येतो, तेव्हा वेगवेगळं बरं.) पण कॅथरिनमधला 'ए', जेम्सपुढचा जादा 'एस', वॉर्डरोबशेजारचा अँड्रू, ही त्या त्या घराची मालमत्ता. आणि या सगळ्याच्या वर प्रत्येक इमारतीला एक क्रमांक द्या. इंग्लंडच्या संरक्षित यादीत प्रत्येक नोंदीला सात आकडी क्रमांक आहेच. नावाने माणसाशी बोलावं, क्रमांकाने यंत्राशी.

आता थोडं मराठीबद्दल. कारण इथली वर्णनं मराठीत लिहिताना हाच प्रश्न नव्या रूपात येतो. 'सेंट' लिहायचं, 'संत' लिहायचं, की 'से.'? माझा 'से.'ला ठाम विरोध आहे. जुन्या गोव्यात से कॅथेड्रल आहे, आणि तिथल्या 'से'चा संताशी काही संबंध नाही. तो पोर्तुगीज शब्द, अर्थ पीठ, बिशपचं आसन. ते कॅथेड्रल आहे सेंट कॅथरिनचं, कारण तिच्या सणाच्या दिवशी, २५ नोव्हेंबर १५१० रोजी, आल्बुकर्कने गोवा घेतलं. आपण एकदा 'से.' चालू केलं की पुढचा माणूस त्याचं 'सेंट कॅथेड्रल' करणारच. दोन अक्षरं वाचवण्यासाठी एवढी जोखीम कशाला? मराठीत 'सेंट' पूर्ण लिहावं.

'संत' लिहिण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं. व्यक्तीबद्दल बोलत असू तर आपल्या ख्रिस्ती बांधवांची मराठी नावं आहेतच: संत योहान, संत पेत्र, संत याकोब. सुंदर नावं आहेत, वापरावीत. पण लंडनच्या सेंट जेम्सेस चर्चला 'संत याकोबाचं देऊळ' म्हणून पाठवलं तर माणूस दिवसभर पिकॅडिलीत फिरेल आणि समोरून दहा वेळा जाऊनही त्याला ते सापडणार नाही. इमारतीचं नाव पत्त्यासारखं असतं, त्याचं भाषांतर करू नये. अपवाद एकच: जिथल्या मराठी मंडळींनी स्वतःच मराठी नाव ठेवलंय तिथे तेच खरं. पुण्याचं पंचहौदाचं चर्च म्हणजे 'पवित्र नाम देवालय'. १८९० सालच्या ज्या चहाने टिळक-रानड्यांना ग्रामण्याला तोंड द्यावं लागलं, तो चहा याच पंचहौद मिशनमधला. तिथे इंग्रजी नावाचं लेबल चिकटवायचं आपल्याला काय कारण?

आणि लोकांनी ठेवलेली नावं तर अजिबात खोडू नयेत. दादरचं आवर लेडी ऑफ सॅल्व्हेशन चर्च हे सगळ्या मुंबईसाठी 'पोर्तुगीज चर्च'च राहणार. १७१८ साली उघडलेल्या सेंट थॉमस चर्चकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा म्हणून चर्चगेट. दरवाजा गेला, तट गेला, नाव तेवढं उरलं, आणि रोज लाखो माणसं कुठल्या चर्चचं ते गेट हे न विचारता तिथे उतरतात. अशी नावं अधिकृत नावाशेजारी कंसात का होईना, पण लिहून ठेवावीत. कारण ज्या दिवशी एखादी इमारत वाचवायची वेळ येते, त्या दिवशी लोक अधिकृत नावासाठी रस्त्यावर उतरत नाहीत, आपल्या ओळखीच्या नावासाठी उतरतात.

वेल्समधलं उदाहरण देतो आणि थांबतो. वेल्श भाषेत 'लॅन' म्हणजे चर्च आणि मेरी म्हणजे 'मायर', पण दोन्ही जोडले की 'म'चा 'व' होतो आणि तो 'एफ' अक्षराने लिहितात. घोडाचं 'घोड्याचा' होतं तसंच, फक्त आपल्याकडे शब्दाचा शेवट बदलतो आणि त्यांच्याकडे सुरुवात. अशा मेरीच्या चर्चची गावं वेल्समध्ये ढिगाने आहेत. त्यांतल्याच अँगलसी बेटावरच्या एकाने आपली मेरी कुठली हे सांगण्यासाठी पांढऱ्या हेझलच्या झाडांपासून भोवऱ्यापर्यंत सगळा पत्ताच नावात घातला. ५८ अक्षरी नाव झालं. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे प्रवासी यावेत म्हणून केलेली ती युक्ती होती, हे खरं. पण स्टेशनच्या लांबलचक पाटीसमोर आजही लोक फोटो काढतात. एकही अक्षर कुणी कापत नाही, आणि यंत्रंही मुकाट्याने ते साठवतात.

असो. लेख लांबला. तुमच्या गावात जुनं चर्च असेल, किंवा देऊळ, दर्गा, अग्यारी, काहीही असेल, तर त्याचं कागदावरचं नाव आणि तोंडातलं नाव, दोन्ही एकदा वहीत लिहून ठेवा. टिंबासकट.